रबरी केळं

होळी होऊन गेली, पाडवा गेला, तरी धरणाचं पाणी मागं सरेना.

दरवर्षी या दिवसांत खडकटेकची माणसं नाथसागराच्या काठावर वाट बघत बसलेली असायची. पाणी सरकायचं आणि खालून जमीन निघायची. काळा, ओला, घोट्यापर्यंत पाय आत जाईल असा गाळ. त्यात टरबूज टाकायचं, खरबूज टाकायचं, आणि पाऊस पडून पाणी परत चढायच्या आत माल तोडून लासूर स्टेशनच्या बाजारात न्यायचा. पुंजारामच्या घराचा उन्हाळा या गाळावर चालायचा. वर टेकावर त्याची स्वतःची जमीन होती, पण तिच्यात माती शोधावी लागायची.

औंदा पावसानं कमाल केली होती. धरण भरलं ते भरलंच राहिलं. पुंजाराम रोज उजाडताच तोंडात लिंबाची काडी धरून काठावर जायचा, पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायचा आणि कालची काटकी बघून परत यायचा.

"सरलं का?" साळूबाई चुलीपासून विचारायची.

"चार बोटं."

"काल बी चारच बोटं म्हणले व्हते."

"मग कालचीच हायेत ती."

ओट्यावर टरबुजाची रोपं वाट बघून बघून वेली व्हायला लागली होती. एका वेलानं तर पुंजारामच्या बाजेचा पाय धरला. तो उठला की पानं सोडवायची, निजला की वेल परत पायाशी. साळूबाई म्हणाली, "तुमच्याच अंगावर धरतंय वाटतं औंदा टरबूज." तो हसला नाही.

त्यांचा पोरगा ऋतुराज मात्र पाण्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होता. तो दोन वर्षं कोकणात किनाऱ्यावर कामाला होता. तिथं काळ्या कड्यांवर समुद्र येऊन आपटतो, आणि मुंबई-पुण्याची माणसं मुद्दाम त्या कड्यांवरून पाण्यात उड्या मारतात, बोटीमागं छत्रीला लटकतात, भरतीच्या आधी गुहेत शिरून भरतीच्या तोंडाला बाहेर पडतात. त्यांना न्यायचं आणि जिवंत परत आणायचं, हे ऋतुराजचं काम. संक्रांतीला तो बायकोला, सायलीला घेऊन घरी आला होता आणि अजून गेला नव्हता.

"आबा," तो एक दिवस जेवताना म्हणाला, "पाणी सरत नाय तर नको सरू दे. आपण पाण्यावरच धंदा करू."

"पाण्यावर काय पेरतो? शिंगाडे?"

"माणसं बसवायची. जोरात फिरवायची. ओरडायला लावायची."

"ओरडायला?"

"त्याच्यासाठीच येत्यात लोक. संभाजीनगरवरून दीड तासात इथं. कोकणात जायला रात्र जाती. आपल्याला कडा हाय, पाणी हाय, बेट हाय."

"आपल्या गावात लोक फुकट ओरडत्यात," पुंजाराम म्हणाला आणि ताटात हात धुतला.

ऋतुराजनं चकरा मारून सरकारी परवानगी आधीच काढून ठेवली होती. हे ऐकून पुंजाराम जास्तच चिडला, कारण मग नाही म्हणायला सरकारसुद्धा त्याच्या बाजूला उरलं नाही.

"जमलं तर जमलं," ऋतुराज म्हणाला. "नाय तर पावसाळ्याच्या आधी मी आन् सायली परत कोकणात. मालकाचा फोन येऊ राहिला."

साळूबाईचा हात परातीतल्या भाकरीवर थांबला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं छपराकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम काटकीऐवजी पहार घेऊन काठावर गेला.

काठ म्हणजे नुसता खडक. काळा, तापला की हात न लावू देणारा, आणि पाण्यात एकदम उतरलेला. शहरातली माणसं उतरतील अशा पायऱ्या त्यात कोरायच्या होत्या. बाप पहार मारायचा, पोरगा छन्नी धरायचा, सासू-सून घमेल्यातून दगड वर वाहायच्या. दहाच्या पुढं ऊन पाठीवर बसायचं. पुंजारामच्या बनियनवर घामाचे पांढरे नकाशे उठले. मधेच तो थांबून म्हणायचा, "उतरताना पडलं कोणी, तर तो थरार धरायचा का वेगळा?"

सायली बारीक अंगाची, पण तिनं पऱ्हाट्यांचं, कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, असं मांडव-छप्पर उभं केलं की साळूबाई त्याच्याखाली येऊन नुसती उभी राहिली.

"आत्या, बसा की."

"बसते," म्हणाली आणि घमेलं घेऊन खाली गेली.

मग केळं आलं. आंब्याच्या ट्रकमधून कोणीतरी कोकणातून पाठवलेलं, पोत्यात गुंडाळलेलं, जुनं. पोतं सोडलं तर आत पिवळ्या रबराची घडी, आणि सगळ्या अंगणात हापूसचा वास.

"हे काय?" पुंजारामनं पायानं ढकललं.

"केळं. हवा भरायची, मच्छीमाराची इंजिनाची बोट भाड्यानं घेतलीय तिला बांधायचं, वर माणसं बसवायची."

"केळंच का पण? घोडा करायचा, वाघ करायचा. बसायचं म्हणल्यावर काहीतरी बसण्यासारखं पायजे. केळ्यावर कोण बसतं?"

ऋतुराजनं ट्रॅक्टरवाल्याकडून हवेचं मशीन आणलं. हवा भरायला लागली तसं ते रबर कुशीवर वळलं, उठलं, लांबत गेलं. अंगण लहान, केळं मोठं. एक टोक गोठ्यात शिरलं, म्हशीनं दावं तोडायला घेतलं. दुसरं टोक स्वयंपाकघराच्या दारावर जाऊन घट्ट बसलं, आणि आत साळूबाई होती.

"आरं, अंधार झाला!" आतून आवाज आला.

"माय, थांब, हवा काढतो!"

"काढू नको," पुंजाराम म्हणाला. "एवढी भरली. तिला म्हणावं दम धर."

साळूबाईनं दम धरला नाही. तिनं आतून लाटण्यानं असे रट्टे घातले की केळं थरथरत मागं सरलं. सगळं गाव कुडावरून बघत होतं. पुंजाराम म्हशीकडं तोंड करून उभा राहिला. लाज वाटली की तो कायम म्हशीकडं तोंड करायचा.

आता एकच गोष्ट राहिली होती, वाटेची. डांबरी सडकेपासून काठापर्यंत येणारी गाडीवाट तात्यासाहेबांच्या उसाच्या बांधावरून होती. तात्यासाहेब पुंजारामचे थोरले चुलतभाऊ. अंगानं उंच, कपड्यानं पांढरे, टोपीला नेहमी कडक इस्त्री. दोघांचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की गावातल्या नव्या सुनांना वाटायचं, यांची नुसती तोंडओळख आहे. समोरासमोर आलेच तर तात्यासाहेब आपल्या कुत्र्याशी बोलायचे.

"मोत्या, काही लोकांनी म्हणं केळ्याची बाग लावली पाण्यात."

आणि पुंजाराम जवळच्या बाभळीला सांगायचा, "काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाय."

पहिल्या रविवारी सायलीनं रंगवलेली पाटी सडकेवर लागली: 'थरार किनारा'. साळूबाईनं पिठलं टाकलं, ठेचा वाटला. ऋतुराजनं पाण्यावर तरंगायची लाल जॅकेटं ओळीनं दगडावर मांडली. दुपार झाली तरी कोणी येईना. पुंजाराम बघायला वर गेला, तर वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचे दोन भारे आडवे, आणि पलीकडं एक पांढरी गाडी मागं वळत होती. मागच्या काचेतून एका लहान पोराचं नाक चपटं होऊन त्याच्याकडं बघत होतं.

काटे बाजूला करायला त्याला क्षण लागला असता. पण बांध तात्यासाहेबांचा होता. तो परत आला आणि जॅकेटं गोळा करायला लागला.

"तुम्ही जाऊन बोला," साळूबाई म्हणाली.

"मी? मेलो तरी नाय."

"मग मीच जाते. पिठलं किती दिवस आपणच खायचं?"

संध्याकाळी ती पदर सारखा करून तात्यासाहेबांच्या ओट्याखाली उभी राहिली. तात्यासाहेब बाजेवर एकटेच बसले होते. आत त्यांची नात संस्कृती मोबाइल बघत होती. त्यांचा मुलगा संभाजीनगरात पडेगावला राहायचा, उन्हाळ्यात तेवढी नात यायची.

"दादा, वाट मोकळी करा. पोरगं जाईल नाय तर."

"जाऊ दे." तात्यासाहेब सुपारी कातरत म्हणाले. "माझा बी गेला. माझं काय छप्पर पडलं का?"

साळूबाईनं वर बघितलं. भिंतीला लागून एकच ताट, एकच तांब्या पालथा घातलेला. ती वळली. मागून तात्यासाहेबांचा आवाज आला, पण तो मोत्यासाठी होता.

दुसऱ्या रविवारी काटे तिथंच होते. पण या वेळी गाडीतून व्यंकटराव उतरले. सडपातळ, चष्मेवाले, वीजमंडळातून निवृत्त. सोबत मुलगी चारुता. व्यंकटरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना 'सावधान, धोका' असं लिहून दिलं होतं आणि आता त्यांना स्वतःला थोडा धोका हवा होता. त्यांनी काट्यांचा भारा बघितला.

"बाबा, परत जाऊया," चारुता म्हणाली.

"अगं, हाच पहिला थरार असेल," असं म्हणून त्यांनी तंगडी टाकली. काटे ओलांडून झाले तेव्हा पँटचा मागचा बराच भाग पलीकडं राहिला होता. त्यांनी शर्ट बाहेर काढला आणि मोठ्या आनंदानं पायऱ्या उतरले.

त्यांना जाताना संस्कृतीनं बघितलं. ती दहा वर्षांची, शिडशिडीत. ती उसातूनच सटकली. तात्यासाहेबांना पत्ता लागेपर्यंत ती लाल जॅकेट घालून केळ्यावर चढून बसलेली होती. तात्यासाहेब काठी टेकत, मोत्याला मागं घेऊन तणतणत काठावर आले.

"उतर खाली!"

"नाही."

"संस्कृते, उतर म्हणतो ना!"

"आजोबा, तुम्ही घाबरलात का?"

पऱ्हाट्यांच्या छपराखाली गावातली पाचपन्नास माणसं जमली होती. सगळ्यांच्या माना तात्यासाहेबांकडं वळल्या. व्यंकटराव पुढच्या जागेवर बसून चष्मा पुसत म्हणाले, "या ना साहेब! मी अडुसष्ट वर्षांचा आहे. काही होत नाही."

तात्यासाहेबांनी काठी मोत्यापाशी ठेवली. जॅकेट त्यांच्या पोटावर बसेना, सायलीनं पट्टे ओढून बसवलं. पांढऱ्या धोतरावर लाल जॅकेट घालून ते पाण्यात उतरले आणि नातीच्या मागं केळ्यावर बसले. पाय दोन्हीकडं टाकायला त्यांना बराच वेळ लागला.

"मागं एक जड माणूस पायजे," ऋतुराज बोटीतून म्हणाला. "नाय तर शेपूट उचलतं. आबा, बसा."

"मी नाय."

"आबा!"

पुंजारामनं आजूबाजूला बघितलं. म्हैस घरी होती. तो मुकाट्यानं जॅकेट चढवून चुलतभावाच्या पाठीमागं बसला. दोघांच्या मधे त्यानं वीतभर जागा सोडली.

बोट सुटली. दोर ताणला, केळ्यानं नाक वर केलं आणि पहिल्याच हिसक्याला ती वीतभर जागा मिटली. पुंजारामचं नाक तात्यासाहेबांच्या पाठीला चिकटलं. पाणी तोंडावर चाबकासारखं बसत होतं. संस्कृती किंचाळत होती, व्यंकटराव "अजून जोरात!" म्हणत होते, आणि पुंजाराम डोळे मिटून आठवतील तेवढ्या देवांना हाका मारत होता. तात्यासाहेबांच्या तोंडून मात्र चकार शब्द नाही. बेटाला वळसा घालताना त्यांची टोपी उडाली आणि पाण्यावर बगळ्यासारखी बसली.

काठाजवळ आल्यावर ऋतुराजनं कोकणात सोडायचा तसा दोर सोडला. केळं घरंगळत उथळ पाण्यात आलं. सायलीनं धरलं. व्यंकटराव उतरले आणि उतरताना त्यांचा चष्मा पाण्यात पडला.

"अरे, माझा चष्मा! मला काहीच दिसत नाही!"

सायलीनं संस्कृतीला उचलून खडकावर ठेवलं आणि चष्मा चाचपायला वाकली. सगळं गाव पाण्यात बघायला लागलं. केळ्यावरचे दोघं उतरू बघत होते, पण मांड्या आखडून बसल्या होत्या. पाय उचलायला गेलं की कंबर नाही म्हणायची. तेवढ्यात टेकावरून वैशाखातली एक वावटळ उठली, पाचोळा घेऊन कड्यावरून खाली आली आणि केळ्याच्या बुडाला लागली.

चष्मा सापडला. व्यंकटरावांनी तो डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "ते कुठं निघाले?"

केळं बरंच आत गेलं होतं.

ऋतुराजनं बोटीच्या इंजिनची दोरी ओढली. इंजिन खोकलं. परत ओढली. परत खोकलं. मग खोकायचंही बंद झालं.

"आबा, हातानं पाणी मारा!" तो ओरडला.

पाण्यावर पुढं तात्यासाहेब, मागं पुंजाराम. मोत्या काठावर राहिला होता आणि बाभूळ जवळपास नव्हती. तात्यासाहेबांनी केळ्याच्या टोकाकडं बघून सांगितलं, "कोणीतरी पाय मारायला पायजे."

पुंजाराम आभाळाला म्हणाला, "ज्याचे लांब असतील त्यानं मारावे."

एक लाट आली, केळं कलंडलं, आणि पुंजारामनं पुढच्या माणसाच्या कमरेला मिठी घातली.

"सोड!" तात्यासाहेब ओरडले. "सोड ना रं, गुदगुल्या व्हत्यात!"

एवढ्या वर्षांत चुलतभावाशी थेट बोललेला हा पहिला शब्द. दोघंही दचकले. पुंजारामनं हात ढिला केला, पण काढला नाही.

वारा आला तसा पडला. पाणी तेलासारखं सपाट झालं आणि केळं मधोमध थांबलं. अशा पाण्यावरून आवाज किती लांब जातो, याचा दोघांना विसर पडला होता.

"काटे लावायला लाज वाटली नाय तुला, दादा?"

"माझ्या बांधावर मी काटे लावीन नाय तर गुलाब लावीन."

"पोरगं चाललंय माझं! एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून? बोलणं कोणी बंद केलं आधी?"

"तुझ्या पोरीच्या लग्नात सगळ्या भावकीला फेटे बांधले. मला बांधला नाय! मी मांडवात बोडका उभा! व्याही मला वाढपी समजला, म्हणला, पाणी आण!"

काठावर साळूबाईनं कपाळाला हात लावला. "फेटा," ती सायलीला म्हणाली. "एवढ्या वर्षांत मला बी नाय सांगितलं ह्यांनी."

"तू उशिरा आला व्हता!" पाण्यावरून तात्यासाहेब. "फेटे संपले व्हते!"

"तुझा काढून द्यायचा!"

"नवरीच्या बापानं फेटा काढायचा?"

गाव खडकावर ऐसपैस बसून ऐकत होतं. चारुता मोबाइल धरून उभी होती. व्यंकटराव हळूच म्हणाले, "मुद्दा दोघांचाही बरोबर आहे." ऋतुराज मान खाली घालून इंजिन पुसत होता.

मग केळं सरकत सरकत बेटाला लागलं. बेट म्हणजे पाण्यातून वर आलेला खडकाचा माथा आणि वर एक वेडीवाकडी बाभूळ. तिची फांदी पाण्यात लोंबत होती. केळं तिच्या काट्यांना टेकलं आणि लांब सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला. दोघं हळूहळू पाण्यात बसायला लागले. धडपडत, गुडघे सोलून घेत ते खडकावर चढले. केळं मागं पिवळ्या सालीसारखं तरंगत राहिलं.

खडक तापलेला होता. बाभळीची सावली एका माणसापुरती. तात्यासाहेब तिच्यात बसले. टोपी नसल्यामुळं त्यांचं टक्कल उघडं पडलं होतं, ते एकदम म्हातारे दिसत होते. पुंजारामनं ते कधी बघितलं नव्हतं.

बगळे लांब जाऊन बसले.

"तुझी वहिनी गेली तव्हा," तात्यासाहेब पाण्याकडं बघत म्हणाले. आता त्यांचा आवाज काठापर्यंत जाण्यासारखा नव्हता. "सगळं गाव आलं. तू नाय आला."

पुंजारामनं गुडघ्यावरचं रक्त अंगठ्यानं पुसलं.

"आलो व्हतो. लिंबाखाली उभा व्हतो."

"बघितलं मी."

"मग हाक मारायची."

"मी? त्या दिवशी मी हाक मारायची?" तात्यासाहेब खोकले. "वाट बघत व्हतो. म्हणलं आता येईल, आता येईल. खांद्याला तू असावा असं तिच्या बी मनात असणार. लहान दीर म्हणून किती लाड करायची तुझे."

पुंजारामला शेंगदाण्याचे लाडू आठवले, वहिनी पदराखालून हातात द्यायची ते. तो नुसता उठला आणि उन्हाच्या बाजूला, तात्यासाहेबांच्या डोक्यावर सावली पडेल असा उभा राहिला.

"बस की खाली."

"असू दे. मांड्या आखडल्यात."

तात्यासाहेब सरकले. "बस म्हणतो ना. निम्मी तुझी."

इंजिन सुरू होऊन ऋतुराज पोहोचला तेव्हा दोघं बाभळीखाली खांद्याला खांदा लावून बसलेले होते आणि व्याह्यानं पाणी मागितलं तेव्हा पुंजारामनं ते आणून दिलं की नाही, यावर बोलत होते. त्यानं आणून दिलं होतं. तात्यासाहेब इतके हसत होते की त्यांना बोटीत धरून बसवावं लागलं.

काठावर आल्यावर मात्र दोघंही गंभीर झाले. जमलेल्या माणसांकडं न बघता तात्यासाहेब नातीचा हात धरून घरी गेले. पुंजाराम सरळ गोठ्यात.

आठवडाभर चारुतानं काढलेला व्हिडिओ जिकडं तिकडं फिरला. लासूरच्या बाजारात लोक पुंजारामला फेटा बांधायला धावले. एका हमालानं तर गोणपाटच गुंडाळलं. तो खाली मान घालून घरी आला आणि जेवला नाही. तात्यासाहेबांना पडेगावहून मुलाचा फोन आला. बापाला वाटलं, रागावणार. मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही कसले भारी बसला होता! आम्ही सगळे येतो रविवारी." तात्यासाहेबांनी फोन बंद केला आणि बराच वेळ तो हातात धरून बसले.

लासूर स्टेशनच्या पंक्चरवाल्यानं केळ्याला काळं ठिगळ मारून दिलं. रविवारी सकाळी पुंजाराम वाटेवर गेला तर काट्यांचा मागमूस नव्हता. बांधावर मुरूम पसरून, चाकोऱ्या बुजवून वाट सारखी केलेली. सडकेच्या तोंडाशी नवी टोपी घालून तात्यासाहेब उभे होते आणि गाड्यांना हात करत होते. "सरळ जा, घाबरू नका! मी स्वतः बसलेलो हाय!" दहाच्या आत काठावर पाय ठेवायला जागा उरली नाही. पडेगावहून आलेला तात्यासाहेबांचा मुलगा संस्कृतीला घेऊन वरच्या पायरीवर बसला होता. ऋतुराजनं कोकणातल्या मालकाला फोन करून सांगितलं, दुसरा माणूस बघा. साळूबाई तिथंच उभी होती. ती पिठल्याला फोडणी देऊन आली.

पहिली फेरी घरच्यांची, असं तात्यासाहेबांनीच ठरवलं होतं. दोघं जॅकेटं चढवून पाण्यात उतरले.

"मी पुढं," तात्यासाहेब म्हणाले.

"मागल्या येळी तूच पुढं व्हता, दादा."

"मी थोरला हाय."

"केळं माझं हाय."

"वाट माझी हाय!"

"मग वाटेवर पुढं बस. पाण्यात मी पुढं बसणार. तुझ्या पाठीशिवाय मला काही दिसलं नाय त्या दिवशी."

"दिसायला डोळे उघडे ठेवायला लागत्यात!"

शब्दाला शब्द वाढत गेला. रांगेतली माणसं मोबाइल काढायला लागली. बोटीत ऋतुराजनं कपाळावर हात मारला. साळूबाई छपराखाली परातीत पीठ मळत होती. तिनं दोघांकडं बघितलं, हाताचं पीठ झटकलं, पदर कमरेला खोचला.

"सायली, येती का?"

सायलीनं एकदा सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि दोन जॅकेटं उचलली. दोघी पाण्यात शिरल्या, भांडणाऱ्यांच्या बाजूनं गेल्या आणि केळ्यावर बसल्या. साळूबाई पुढं.

"माय?" ऋतुराज म्हणाला.

"हाक तू. ह्यांचं ठरेपर्यंत पाऊस येईल."

दोर ताणला. केळं निघालं. दोघं भाऊ अंगावर पाणी उडालं तेव्हा भानावर आले.

"ओ!" पुंजाराम ओरडला. "भाकरी? एवढी माणसं जेवायची हायेत!"

केळं बेटाला वळसा घालून आलं, काठाजवळ आलं, आणि साळूबाईनं हातानंच गोल फिरवून खूण केली. ऋतुराजनं बोट परत आत वळवली.

आजही आलेले व्यंकटराव चारुताच्या शेजारून म्हणाले, "भूक लागली बुवा."

पुंजाराम छपराखाली गेला. परातीत अर्धवट मळलेलं पीठ, चुलीवर तवा तापून धूर सोडत होता. त्यानं पिठाला बोट लावलं आणि काढलं.

"येत्यात का तुला?" तात्यासाहेबांनी मागून विचारलं.

"नाय."

तात्यासाहेबांनी टोपी आणि जॅकेट काढून खुंटीला अडकवलं. बाह्या वर सारल्या. एकट्यानं राहणाऱ्या माणसाला जे येतं ते त्यांना येत होतं. त्यांनी पिठाचा गोळा घेतला, पाण्याचा हात लावला आणि परातीत थापायला लागले. भाकरी गोल फिरत मोठी होत गेली, कडेला कुठंही न चिरता. पुंजाराम बघत राहिला.

"बघतो काय? जाळ सार आत," तात्यासाहेब म्हणाले. "लाल जॅकेट काढ आधी, पेटशील."